बुधवार-गुरुवारचा पिवळा इशारा: बेदाण्याचा माल रॅकवर टाकू की थांबू?

मणेराजुरीकर | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुका, दोन एकर सोनाका जातीची द्राक्षं, सगळी बेदाण्यासाठी राखलेली. काल बागेतून फिरून गोडी मोजली, बहुतेक घडांत ब्रिक्स २२ च्या पुढं आहे. तोडणीची टोळी सोमवारी यायची ठरलीय.

अडचण अशी की हवामान खात्याच्या पानावर पुढच्या बुधवारी-गुरुवारी मध्य महाराष्ट्रात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस' लिहिलंय आणि सांगली जिल्हा दोन्ही दिवस पिवळा आहे. फोनमधलं ॲप बुधवारी स्वच्छ ऊन दाखवतं आणि गुरुवारी पावसाची शक्यता ४० टक्के. गावच्या ग्रुपवर तर गारपिटीचा मेसेज सकाळपासून फिरतोय, तारीख नाही, कुणी लिहिलाय तेही नाही. यातलं धरायचं काय?

सोमवारी माल शेडमधल्या रॅकवर सुकायला टाकला तर ढग येतील तेव्हा तो जेमतेम दोन दिवसांचा असेल. दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं. माल टाकला आणि तिसऱ्या दिवशी आभाळ आलं, तीन दिवस हटलं नाही. मी पाहुण्यांच्या लग्नाला गेलो होतो, शेडचा पश्चिमेचा पडदा सोडायचा राहिला आणि रात्री भुरभुर झाली. त्या बाजूच्या तीन रॅकांचा माल काळपट पडला, तो वेगळा काढून मिळेल त्या भावाला द्यावा लागला. वर्षभराचं कष्ट डोळ्यांदेखत असं जाताना बघवत नाही.

थोरले बंधू म्हणतात, आठवडाभर वेलीवरच राहू दे. पण मग खरड छाटणी, म्हणजे माल उतरल्यावरची वेलीची खोल छाटणी, लांबते. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. आता उशीर केला तर तो काळ जूनच्या ढगांत सापडतो. म्हणजे हा आठवडा हुकला तर पुढचं सालही हुकतं.

पुण्याचा हवामान-विद्यार्थी | गुरुवार, रात्री १०:२५

दादा, आधी शब्द बघू. खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यावर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. आणि मध्य महाराष्ट्र हा विभाग जळगाव-नाशिकपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलाय. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा. तयारीत राहा म्हणायचं असतं तेव्हा नारिंगी देतात. ॲपचे ४० टक्के ही वेगळीच मोजणी आहे, ते आकडे शेजारी ठेवून ताडू नका.

या दिवसांत होतं असं: दुपारी जमीन तापते, विदर्भाकडून कर्नाटकाकडे हवेच्या कमी दाबाचा पट्टा पसरतो आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत येतं. म्हणून वळवाचे ढग बहुधा दुपारी तीननंतर चढतात. कुठल्या शिवारात कोसळतील ते पाच दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. तुमच्यासाठी कामाची गोष्ट दुसरीच आहे. रविवारनंतर रात्रीची आर्द्रता किती वाढते ते बघा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो. उद्याचा वाचल्याशिवाय ठरवू नका. प्रत्यक्ष दिवशी मात्र तीन तासांपुरता जो इशारा देतात तोच धरा. विजेसाठी दामिनी ॲप ठेवा, टोळीतल्या बायका झाडाखाली थांबतात, त्यांना आधी हाक द्या.

शेडवाले, कवठेमहांकाळ | शुक्रवार, सकाळी ६:१५

मणेराजुरीकर, वेलीवर माल सुरक्षित आहे हे डोक्यातून काढा. पिकलेल्या घडावर एक सर पडली की मणी तडकतात, मग तो माल बेदाण्यालाही चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: सोमवार सोडा, टोळी उद्या शनिवारी आणा. निदान एका एकरासाठी. शनिवारी टाकलेला माल बुधवारपर्यंत चार कोरडी उन्हं-वारं खातो. सुरुवातीचे दिवसच नाजूक. तेव्हा सुकणं रेंगाळलं की रंग गेलाच. दुसरा एकर शुक्रवारनंतर, आभाळ बघून.

ढग येणार म्हणून डिपिंगचं, म्हणजे सुकवण्याआधी घड बुडवायच्या द्रावणाचं, प्रमाण वाढवू नका, पुष्कळ जण घाईत वाढवतात. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली डिपिंग ऑइल, तेवढंच. पडदे दुपारी वारं फिरलं की सोडायचे आणि पाऊस थांबला की लगेच वर. रात्रभर प्लास्टिक बंद ठेवलं तर आतली ओल आतच राहते. माझ्या शेडमध्ये पावसापेक्षा कोंदट रात्रीनं जास्त माल बिघडवलाय.

जतचा वाटाड्या | शुक्रवार, सकाळी ७:५०

आमची बाग गेल्या आठवड्यात उतरली, त्यामुळं मी मोकळा आहे. बुधवारी तीननंतर आमच्याकडचं आभाळ कसं दिसतं ते इथं लिहीत राहीन. ढग कुठून चढतील याचा नेम नसतो, पण चारी बाजूंची खबर असलेली बरी.

मणेराजुरीकर | शुक्रवार, दुपारी १:०५

मनापासून आभार. आजचा सल्ला वाचला, मंगळवारपर्यंत कोरडं दाखवलंय. मुकादमाशी बोललो, उद्या पहाटे बारा माणसं येतात. एक एकर उतरवतो. पश्चिमेच्या पडद्याच्या दोऱ्या आजच बदलल्या. बंधू अजून कुरकुरतात, पण क्रेट त्यांनीच ट्रॉलीत भरून ठेवलेत.

जतचा वाटाड्या | बुधवार, दुपारी ४:१०

पूर्वेला मोठा ढग उभा राहिलाय, वरचं टोक पसरलंय. गार वारं सुटलं. पाऊस अजून नाही.

मणेराजुरीकर | बुधवार, दुपारी ४:१८

वाचलं. पडदे सोडतोय. टोळी शेजारच्या प्लॉटवर आहे, त्यांना घराकडं बोलावलं.

मणेराजुरीकर | बुधवार, रात्री ८:३०

गावाच्या वरच्या अंगाला दहा मिनिटं टपोरे थेंब पडले, आमच्या शेडवर फक्त वारं. साडेसहाला पडदे वर घेतले. वरच्या रॅकवरचा माल हाताला कोरडा लागतोय, रंग हिरवट-पिवळा आहे. खालची जाळी अजून ओलसर आहे, ती पहाटे पुन्हा बघतो. उद्याचा पिवळा अजून तसाच आहे.