महापालिकेच्या हातात बरंच काही आहे

वीज कोळशाची घ्यायची की सौर हे पालिका ठरवत नाही, मग शहरं हरितगृह वायूंचं उत्सर्जन काय कमी करणार, असा मुद्दा अनेकदा मांडला जातो. मुंबईपुरतं बोलतो. मार्च २०२२ मध्ये आलेल्या वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे हवेत सोडू तेवढे हरितगृह वायू शोषले जातील अशा स्थितीचं, उद्दिष्ट आहे. त्यातल्या उत्सर्जनाच्या हिशेबात सर्वात मोठा वाटा इमारतींमधल्या ऊर्जावापराचा, वाहतूक बरीच मागे. आता इमारतींना परवानगी कोण देतं? बहुतेक ठिकाणी पालिकाच! पश्चिमेला तोंड करून नखशिखांत काचेचं ऑफिस उभं राहिलं की दुपारभर पडदे ओढून, दिवे लावून एसी चालवावा लागतो, आणि हे पुढची कित्येक वर्षं. नकाशा मंजूर करतानाच हे थांबवता येतं.

दुसरं, ओला कचरा. ढिगाऱ्यात हवेविना कुजला की मिथेन होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. रोज शंभर किलोंवर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा नियम २०१७ पासून आहे. देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा किमान या नियमाची अंमलबजावणी वॉर्डनिहाय जाहीर व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.