गाडीतले बीप: कामाचे की नुसती कटकट?

हेडफोनवाला: रात्री कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो मी, कान लावले की समोरचा डावीकडून येतोय की मागून हे नुसत्या पावलांवरून कळतं, म्हणून तर लोक शिफ्टचं बटण दाबून दबकत चालतात. आणि गाडीत? बेल्ट नाही लावला बीप, ८० च्या वर गेलो बीप, मागे भिंत आली तरी बीप, सगळं डॅशबोर्डातूनच. अरे, चारही दारांत स्पीकर आहेत ना, डावीकडून बाइकवाला घुसला तर आवाज डावीकडूनच येऊ दे की!

वैतागलेला ड्रायव्हर: तू दार लावून खेळतोस भाऊ. इथे सिंहगड रोडला हॉर्न, टेम्पोची रिव्हर्सची गाणी, मागे पोरांचा दंगा, त्यात तुझी पावलं कोण ऐकणार? आवाज वाढवले की लोक ते बंद करायच्या मागे लागतात. बेल्टचा बीप गप्प करायची क्लिप आठव, २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ५ ऑनलाइन कंपन्यांना ती विकणं बंद करायला लावलं. आणि रिव्हर्सचा बीप सारखाच नसतो, भिंत जवळ आली की भरभर वाजतो, ते तरी ऐक नीट.

पायी चालणारी: तुमचं सगळं काचेच्या आतलं. ई-बस मागे येऊन उभी राहते तरी पत्ता लागत नाही, माझ्या बाबांना कमी दिसतं, ते कानांवरच रस्ता ओलांडतात. युरोपात जुलै २०१९ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या मॉडेल्सना ताशी २० किमीपर्यंत मुद्दाम आवाज काढावा लागतो, त्यापुढे टायरच वाजतात. कटकट म्हणा हवं तर.

हेडफोनवाला: ताई, हे पटलं. पण मग आतल्यालाही दिशा कळली तर बिघडलं कुठे?

एककानी: बिघडतं. माझा उजवा कान गेलेला आहे, एका कानाने दिशा नीट कळत नाही, हेडफोन कितीही भारी घे. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये पावलं मॅपवर दिसतात म्हणून मी टिकतो. गाडीतही आवाजाबरोबर आरशात लाइट पाहिजे, काही गाड्यांत असतो तसा.

वैतागलेला ड्रायव्हर: लाइट चालेल. पण आपल्याकडे निम्म्या लोकांचा डावा आरसा मिटलेला असतो, त्याचं काय?