फ्रेंच ‘साव्वार’ की ‘कोनेत्र’? निवड नेमकी कशावरून करायची?

प्रश्न
साव्वार म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं आणि कोनेत्र म्हणजे माणसं, ठिकाणं परिचयाची असणं, एवढं समजलं. पण तो कुठे राहतो ते मला माहीत आहे, यासाठी ‘ज कोने ऊ इल आबित’ चूक आणि त्याचा पत्ता माहीत आहे, यासाठी ‘ज कोने सोन आद्रेस’ बरोबर. माहिती तर तीच! शिवाय भूतकाळात दोन्हींचे अर्थ बदलतात, ते कसे?

उत्तर १
अर्थाच्या मागे लागू नका, आधी क्रियापदाच्या पुढे काय आहे ते बघा. कोनेत्रला कर्म म्हणून नाम किंवा सर्वनामच लागतं. ‘क’ (की), ‘सी’ (आहे की नाही), ‘ऊ’ (कुठे), ‘काँ’ (कधी), ‘पुर्क्वा’ (का) यांनी सुरू होणारं उपवाक्य लगेच पुढे आलं, की साव्वारच: ‘ज से ऊ इल आबित’. पत्ता हे नाम आहे, म्हणून तिथे कोनेत्र चाललं.

गफलत होते ती इथे: ‘ज कोने ला र्यु ऊ इल आबित’ (तो राहतो तो रस्ता मला माहीत आहे) हे बरोबर आहे. ‘ऊ’ दिसतो, पण तो रस्त्याचं विशेषण होऊन आलाय. क्रियापदाचं कर्म रस्ताच.

व्यक्ती आणि ठिकाण यांना कोनेत्रच. आपण ‘मला पॅरिस माहीत आहे’ म्हणतो, म्हणून ‘ज से पारी’ तोंडात येतं. ते चूक. उत्तर किंवा पाठ केलेली कविता अशा थोड्या नामांना मात्र दोन्ही क्रियापदं चालतात.

सर्वनामाने अर्थ पालटतो: ‘ज ल से’ म्हणजे मला ते माहीत आहे, ‘ज ल कोने’ म्हणजे मी त्याला ओळखतो.

उत्तर २
कौशल्याचं राहिलं. ‘मला पोहता येतं’ याला साव्वार आणि थेट धातुरूप: ‘ज से नाजे’. मध्ये ‘कोमाँ’ (कसं) घालायचा नाही. एखादी गोष्ट कशी करायची याचा मार्ग माहीत असेल, तर ‘ज से कोमाँ फेर’ योग्यच. आणि पोहता येतं, पण आज पाय दुखावल्यामुळे जमणार नाही, तिथे पुव्वार (शकणं): ‘ज न प पा नाजे’. बेल्जियममध्ये मात्र अशा ठिकाणीही साव्वार सर्रास ऐकू येतं. ‘ज न से पा व्हनिर’ म्हणजे मला यायला जमणार नाही. फ्रान्समधल्या परीक्षेत ते लिहू नका.

उत्तर ३
भूतकाळ मराठीतूनच पकडा, फार सोपा जातो. अपूर्ण भूतकाळातलं ‘ज सावे’ म्हणजे मला माहीत होतं. पासे काँपोझे या पूर्ण भूतकाळातलं ‘जे स्यु’ म्हणजे बहुतेक वेळा मला कळलं. तसंच ‘ज ल कोनेसे’ म्हणजे मी त्याला ओळखत होतो, आणि ‘ज ले कोन्यु आ लियों’ म्हणजे त्याची माझी ओळख लियोंमध्ये झाली. युद्ध, भूक, यश अशा नामांबरोबर ‘कोन्यु’ आलं, तर अर्थ अनुभवलं असा.

प्रश्नकर्ता
पुढे काय आलंय ते बघायचं, हे पटलं. ‘ज कोने’ आणि ‘इल कोने’ उच्चाराला सारखेच, लिहिताना?

उत्तर १
‘ज’ (मी) आणि ‘त्यु’ (तू) बरोबर शेवटी एस, ‘इल’ (तो) बरोबर टी. पारंपरिक लेखनात टीच्या आधीच्या आयवर टोपी (^) येते, एसच्या आधी कधीच नाही. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेनुसार ती टोपी गाळली तरी चालते, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.