जुनी लाकडी शिडाची होडी दुरुस्त करून तापीतून गावापर्यंत आणायची आहे

तापीकाठ

राम राम मंडळी. शहादे तालुक्यात, सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन बॅरेजच्या मधे, तापीच्या उत्तर काठावर आमचं गाव. केळी, ऊस, थोडा कापूस. शिकायला मुंबईला होतो तेव्हा एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिडाची होडी हाकायला शिकलो. तेव्हापासून मनात आहे की गावासमोरच्या पाण्यात एकदा शीड उभं राहिलेलं बघायचं. बॅरेज व्हायच्या आधी उन्हाळ्यात आमच्याकडे नदीच्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या वाड्या, लागायच्या. आता त्याच जागी पाणी उभं असतं, आणि त्यात मोटारींच्या पाइपांखेरीज काही दिसत नाही.

होडी मिळाली आहे. एंटरप्राइज जातीची, प्लायवूडची, लांबी चार मीटरच्या किंचित वर. जॅक होल्टने १९५६ साली आराखडा केलेली ही होडी, निळ्या शिडांची. नेव्हल एनसीसी केलेल्यांना लगेच ओळखू येईल. सध्या सारंगखेड्याला मावसभावाच्या खळ्यात आहे. डोलकाठी सरळ आहे. सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडीखाली पाण्यात सोडायच्या पात्याच्या, पेटीजवळ तळाची फळी बोटाने दाबली तर दबते, मागच्या फळीचा खालचा कोपरा काळा पडला आहे, आणि डाव्या बाजूच्या हवेच्या टाकीत पाणी खुळखुळतं.

पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एकाने सल्ला दिला, वरून अख्खी फायबरने मढवून टाका, दोन दिवसांचं काम आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. शिवाय आता मे चालू आहे. पेरण्या सुरू झाल्या की मला वेळ मिळणार नाही. त्याआधी काम उरकेल का? आणि सारंगखेड्याहून आमच्या गावापर्यंतचं पाणी कोणाला माहीत असेल तर सांगा. ट्रॉलीत घालून तासाभरात घरी आणता येईल, पण मला ती पाण्यातूनच आणायची आहे.

दोंडाईचेकर

भाऊ, होडीतलं मला कळत नाही, शिवणातलं कळतं. शिडाचं कापड टेरिलीनचं असेल. कापडाआधी दोरा मरतो, ऊन दोऱ्यालाच जास्त लागतं. नखाने शिवण खरवडून बघा. दोरा तुटत असेल आणि कापड ओढून फाटत नसेल तर शीड वाचलं. ताडपत्री शिवणाऱ्याकडे न्या, झिगझॅग टाका आणि पॉलिस्टर दोरा सांगा. सरळ टाका घालू देऊ नका. कापड ताणलं की सरळ टाका तुटतो, झिगझॅग त्याच्याबरोबर ताणतो.

शिपराइट_आप्पा

नौदलात शिपराइट, म्हणजे होड्यांचा सुतार होतो, लाकडी होड्यांवर बरीच वर्षं काढली, आता अमळनेरला असतो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे असं कोणी विचारत नाही.

फायबरने मढवायला अजिबात देऊ नका. टाकीवाले वापरतात ते पॉलिस्टर रेझिन. ते फायबरच्या मॅटला चांगलं धरतं, जुन्या लाकडाला धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत कडेने सुटतं, मधे पाणी शिरतं, आणि ते पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. वरून गुळगुळीत दिसणारी होडी आतून कुजत राहते. लाकडाला इपॉक्सी लागते, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा पक्का चिकटा. महाग आहे, पण तुम्हाला ती दुरुस्तीपुरतीच हवी, अख्ख्या होडीला नाही.

आधी रोग किती पसरला आहे ते बघा. पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकत चला. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे टोच्या घालून बघा. तुमच्या होडीला मीठाच्या पाण्याने फारसं काही केलेलं नसणार. लाकूड कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्याने. होडी उताणी पडून राहिली, पाणी साचलं आणि सर्वांत खालच्या जागी मुरलं. म्हणून पेटीची कड, मागचा कोपरा, टाकीचा तळ, याच जागा.

कुजलेला भाग दिसतो त्याच्या बोटभर पुढेपर्यंत, चांगलं लाकूड लागेस्तोवर कापा. नवा तुकडा आयएस ७१० छापाच्या मरीन प्लायचा, जुन्या फळीची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा. कडेला कड भिडवून चालणार नाही. दोन्ही कडा तिरक्या रंधून एकमेकांवर बसवायच्या, जाडीच्या आठपट लांबीचा उतार. म्हणजे ६ मिमीच्या प्लायला ४८ मिमी. हे काम धीराचं आहे, धारदार रंधा लागतो. गावचा सुतार बैलगाडीची कामं केलेला असेल तर त्याला सोबत घ्या, त्याचा हात या कामाला बसलेला असतो.

आता मे महिन्याचं. आपल्या खानदेशात दुपारी ४४-४५ अंश. तापमान दहा अंशांनी वाढलं की कालवलेली इपॉक्सी हातात राहायचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर लिहिलेली मिनिटं २५ अंशांची असतात, म्हणजे दुपारी तुम्हाला त्याच्या चौथाईच वेळ मिळेल. पॉलिस्टरचा हार्डनर एक-दोन टक्क्यांच्या आत कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीचा करता येत नाही, तिचं प्रमाण ठरलेलं. कमी घातलात तर ती कायमची चिकट राहील. मगात कालवून ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडून दगड होते, म्हणून पसरट ताटलीत ओतायची.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात वाचून कळते पण हाताला पटायला वेळ लागतो. सकाळी लाकूड तापत जातं तेव्हा त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत फोड उठतात. संध्याकाळी लाकूड निवत जातं तेव्हा तीच हवा आक्रसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. पहिला हात नेहमी दिवस कलल्यावर द्यायचा.

माझं मत असं. मे महिना सुकवायला आणि सुतारकामाला वापरा. सगळा रंग खरवडा, टाकीचं झाकण उघडा, होडी पालथी घाला, खालून वारा खेळू द्या. एवढी कोरडी हवा कोकणातल्या माणसाला मिळत नाही. वाळलं की नाही हे बघायला पारदर्शक पॉलिथिनचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवून उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर लाकूड अजून ओलं आहे. पावसाळ्यात छपराखाली पालथीच ठेवा. चिकटवायचं काम दसऱ्यानंतर. थंडी कडक पडायच्या आत उरका, कारण १५ अंशांच्या खाली इपॉक्सी नीट धरत नाही आणि आपल्याकडे पौषात रात्री पारा त्याच्याही खाली जातो. शेवटी वरून रंग हवाच. उघडी इपॉक्सी ऊन सहन करत नाही.

तापीकाठ

आप्पा, तुम्ही माझ्या मनातलं नेमकं कारण सांगितलंत. काल सारंगखेड्याला जाऊन टोच्या घेऊन बसलो. पेटीच्या उजव्या अंगाला वीतभर आणि मागच्या कोपऱ्यात चार बोटं, एवढंच मऊ आहे. बाकी सगळं टणक वाजतं. घाई सोडली, तुमच्या वेळापत्रकाने चालतो.

दोन शंका. टाकी हवाबंद झाली हे कसं तपासायचं? आणि डोलकाठीला तोलणाऱ्या तारा वरून चकचकीत दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

शिपराइट_आप्पा

टाकी: बुचाच्या भोकातून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा, सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा उठेल तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, सांधे उलतील.

तारा: तुमच्याकडे कापूस आहे. बोंडातला बोळा घेऊन प्रत्येक तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे एक पदर तुटलेला आहे. तार बहुधा टोकाच्या दाबलेल्या नळीपाशी तुटते, तिथे भिंगातून बघा. एक पदर जरी तुटलेला सापडला तरी ती जोडी बदला, एकटी नाही. स्टीलचे खिळे-पट्ट्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी दिसते का तेही बघा. दिसली तर पट्टी काढून साफ करा, भोक मोठं झालं असेल तर पट्टी दोन बोटं वर सरकवून नवं भोक पाडा.

काठावरचा

भाऊ, मी सारंगखेड्याचा, आमची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. पाण्याचं मी सांगतो.

पावसाळ्यात, म्हणजे आषाढ ते भाद्रपद, विचारच करू नका. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी खाली यायला वेळ लागत नाही आणि आपल्या बॅरेजचेही दरवाजे वर जातात. दरवाजे बंद होऊन पाणी स्थिर झालं की मग. तेव्हा ओढ जवळजवळ नसते, होडी सगळी वाऱ्यावर. आपली नदी मावळतीला वाहते, तुम्हाला जायचंय मावळतीला. पौष-माघात पहाटेपासून उगवतीचा गार वारा असतो, तो पाठीमागून मिळेल. ऊन चढलं की पडतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला उलट, दुपारनंतर मावळतीचा वारा जोरात, पूर्ण वाट तोंडावर घ्यावी लागेल. म्हणून माघ बरा. दत्तजयंतीच्या यात्रेचे दिवस टाळा, घोडेबाजाराच्या गर्दीत ट्रॉली काठापर्यंत पोचणार नाही.

काठ उंच आहेत, काही ठिकाणी सरळ मातीचे कडे. त्यांच्या आडोशाला वारा एकदम मरतो आणि कडा संपला की एकदम धडकतो. पात्राच्या मधोमध चला. होडी बॅरेज आणि पूल दोन्ही मागे टाकून बऱ्याच खाली, उतार बघून पाण्यात घाला.

जाळी आम्ही संध्याकाळी लावतो, सकाळी उचलतो. तुमचा वारा नेमका तेव्हाच. तुमचं ते खालचं पातं जाळ्यात अडकलं तर जाळं फाटेल आणि तुम्हीही आडवे व्हाल. आदल्या दिवशी आमच्या मच्छीमार संस्थेत सांगा. त्या रात्री आम्ही दक्षिण काठाकडे जाळी लावू, उत्तरेची वाट मोकळी सोडू. पाण्याच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की समजायचं खाली जाळं आहे.

सर्वांत मोठी भीती विजेची. उपशाच्या मोटारींना गेलेल्या तारा काठाने आहेत, काही जागी पात्रावरूनही. तुमची डोलकाठी ॲल्युमिनियमची, किती उंच?

तापीकाठ

पाण्यापासून सहा मीटरच्या आसपास टोक जाईल. मोजून नक्की सांगतो. दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, फार मोलाचं सांगितलंत.

काठावरचा

मग आधी आमच्या होडीतून दोघं मिळून सगळी वाट बघू. जिथे तार आडवी आहे तिथला काठ नीट लक्षात ठेवा. तारेच्या बरंच अलीकडे डोलकाठी उतरवायची, वल्ह्याने पार व्हायचं, पुढे जाऊन पुन्हा उभी करायची. तार उंच वाटली तरी खालून जाऊ नका. उन्हाने तार लोंबते, आणि पाणी चढलेलं असलं की तुम्हीही तेवढे वर आलेले असता.

आमची आजी म्हणते, तापीमायले हात जोडीसन मंग पाणीमा उतरनं. सोबत पोहणारा माणूस आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. हिवाळ्यात सकाळचं पाणी हाडं गोठवतं, पोहता येणाराही दमतो.

शिपराइट_आप्पा

या दादांचं अक्षरशः ऐका. मी भर घालतो ती एवढीच: डोलकाठी उतरवायची-चढवायची तालीम खळ्यात, कोरड्या जमिनीवर करा, दोघांनी, पुतण्या असेल तर त्याला घेऊन. पाण्यात पहिल्यांदा करायचं काम नाही ते. आणि निघायच्या आधी होडी एक रात्र काठाला बांधून पाण्यात ठेवा, सकाळी आत किती पाणी आलं ते बघा.

तापीकाठ

तसंच करतो. जलसंपदाच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देतो आणि त्याची एक प्रत दादांच्या संस्थेत. मोठ्या भावाचा मुलगा पट्टीचा पोहणारा आहे, तो यायला तयार आहे. मऊ भाग या आठवड्यात कापून काढतो आणि आतल्या लाकडाचे फोटो इथे टाकतो. आप्पा, कड कुठपर्यंत नेली ते एकदा बघून सांगा, मगच नवा प्लाय आणायला धुळ्याला जाईन.