मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय, हॉटेलच्या ऑनलाइन रिव्ह्यूंवर कितपत विसंबावं?

वऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये आईबाबांना कोल्हापूरला न्यायचं ठरतंय. अंबाबाई आमची कुलस्वामिनी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ओटी भरायची राहून गेली आहे, आणि बाबांना किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, पाहायची फार इच्छा आहे. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्यामुळे उतरल्यावर खोली बरी मिळणं ही माझ्यासाठी चैनीची बाब नाही. खोलीने दगा दिला तर दोघांचं दर्शनच अवघड होईल.

आठवडाभर रोज रात्री मोबाइल घेऊन बसते आहे आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो आहे. महाद्वाराजवळच्या एका हॉटेलला ४.३ स्टार आहेत. वरचे सगळे रिव्ह्यू एकाच सुरातले: खोल्या स्वच्छ, स्टाफ नम्र, मंदिर जवळ, पुन्हा नक्की येऊ. थोडं खाली गेलं की कुणीतरी लिहिलंय की चादरी मळलेल्या होत्या आणि गरम पाणी मागून मागून थकलो. हॉटेल तेच, महिनाही तोच. यातलं खरं कोणाचं मानायचं?

दुसरं एक हॉटेल स्टेशनजवळ आहे. त्याला ३.८ स्टार. तिथे तक्रारी जास्त आहेत, पण बऱ्याच तक्रारी अशा की जेवणात मटण मिळत नाही, रात्री उशिरा आल्यावर दार उघडायला वेळ लावला, सकाळी लवकर चेक-इन दिलं नाही. बाबा माळकरी आहेत. शुद्ध शाकाहारी जागा आणि रात्री लवकर बंद होणारं दार, हे आम्हाला उलट हवंच आहे. म्हणजे लोकांनी ज्यासाठी एक स्टार दिला त्यासाठी मी चार दिले असते. मग या सरासरीच्या आकड्याला काय अर्थ राहिला?

मला जे जाणून घ्यायचंय ते मात्र कुणीच लिहीत नाही. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी पायऱ्या चढायच्या? कमोड आहे का? गरम पाणी दिवसभर मिळतं की सकाळचे दोन-तीन तासच? रिक्षा दारापर्यंत येते का? तरुण मंडळी एका रात्रीसाठी येतात, त्यांना या गोष्टी जाणवत नसणार. त्यांचा दोष नाही, पण माझं काम अडतं.

कृपया सांगा:
तुम्ही रिव्ह्यू कसे वाचता? खोटे कसे ओळखता? आणि कोल्हापूरकर असाल तर मंदिराजवळ राहावं की स्टेशनकडे, हेही सांगा. आईला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

ताई, आधी कोल्हापुरात स्वागत. आईबाबांना घेऊन बिनधास्त या.

खरं सांगायचं तर आम्हा गावातल्या माणसांना इथल्या हॉटेलांचं फारसं कळत नाही. घर इथंच, मग लॉजवर कोण कशाला राहणार? कुणी पाहुण्यानं विचारलं की आम्ही ऐकीव नावं सांगतो. दहा वर्षांपूर्वी जे चांगलं होतं तेच नाव अजून तोंडात असतं, आणि मधल्या काळात मालक बदललेला असतो. त्यामुळे स्थानिकाला विचारा हा सल्ला हॉटेलच्या बाबतीत अर्धाच खरा. रस्ता, गर्दी, रिक्षा, खाणं यासाठी आम्हाला विचारा. खोलीसाठी जो तिथं झोपून आलाय त्यालाच विचारायला पाहिजे.

आता रस्त्याचं. मंदिराभोवतीच्या गल्ल्या जुन्या पेठांच्या आहेत, अरुंद. गर्दीच्या दिवसांत मंदिराजवळ गाड्या सोडत नाहीत, बिंदू चौकाकडे लावाव्या लागतात आणि पुढं चालत. साइटवर 'मंदिरापासून ३०० मीटर' दिसतं ते बऱ्याचदा नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर असतं. गल्लीबोळातून वळसा घेत गेलं की ते वाढतं. आईंसाठी अंतर किती यापेक्षा रिक्षा कुठवर येते हे महत्त्वाचं.

स्टेशन आणि एसटी स्टँड जवळजवळ आहेत, तिथून मंदिर अडीच-तीन किलोमीटर. रिक्षा सहज मिळते. त्या बाजूच्या इमारती तुलनेनं नव्या, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त. माझं मत स्टेशनकडे राहा असं आहे. पण किरणोत्सवाच्या संध्याकाळी परत येताना रिक्षासाठी थांबावं लागेल, ते धरून चाला.

आणि ९, १०, ११ नोव्हेंबरचं बुकिंग लवकर करा. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत जातात असा क्रम असतो, म्हणून तिसऱ्या दिवशी गर्दी जास्त. ढग किंवा धुरकं असलं तर किरणं अलीकडंच विरतात. बाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

---

नोंदवही

मी काही वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलंय (कोल्हापुरात नाही, गावाचं नाव नको). जे पाहिलं ते लिहिते.

चेक-आउटच्या वेळी पाहुण्यांसमोर क्यूआर कोड ठेवायचा आणि पाच स्टार द्या म्हणून गळ घालायची, हे सर्रास चालतं. समोर माणूस उभा असताना कोण तीन देणार? असे रिव्ह्यू पूर्ण खोटे नसतात, पण भिडेचे असतात. ओळखायची खूण म्हणजे एका ओळीचा मजकूर आणि त्यात रिसेप्शनवरच्या मुलाचं नाव. कधीकधी रिव्ह्यूच्या बदल्यात चहा-नाश्ता किंवा बिलात सूट देतात. गुगलच्या नियमांत हे बसत नाही, तरी होतं.

उलट बाजूही आहे. बारा वाजता चेक-इन असताना सकाळी सहाला खोली मिळाली नाही म्हणून एक स्टार देणारे आम्ही पुष्कळ पाहिले. तो राग खरा असतो, पण तुमच्या कामाचा नसतो. तुम्ही मटणाचं उदाहरण दिलंत ते अगदी बरोबर आहे.

माझी वाचायची पद्धत अशी. सगळ्यात नवे रिव्ह्यू आधी, गेल्या सहा महिन्यांतले. साइट आपणहून 'सर्वात उपयुक्त' म्हणून जे वर दाखवते ते दोन वर्षांपूर्वीचेही असू शकतात. मग तीन स्टारवाले. तीन देणारा माणूस सहसा ना खूश असतो ना चिडलेला, म्हणून तो तपशील लिहितो: खोली लहान पण स्वच्छ, पाणी सकाळी नऊपर्यंतच, रस्त्याकडची खोली गोंगाटाची. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी, वेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी धरा. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, विशेषतः न्हाणीघराचे. हॉटेलने टाकलेल्या फोटोंत भिंतींचा रंग ताजा असतो, पाहुण्यांच्या फोटोंत ओल दिसते.

तक्रारीला हॉटेलने काय उत्तर दिलंय तेही वाचा. सगळ्यांना एकच छापील माफी असेल तर समजा कुणी वाचत नाही. गीझर बदलला, अमुक मजल्यावर काम झालं, असं काही लिहिलं असेल तर तिथं लक्ष देणारं कुणीतरी आहे.

---

खडा_सवाल

माझं स्पष्ट मत: रिव्ह्यूंवर विश्वास ठेवूच नये. २०१७ मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने आपल्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवलं, मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि ते अस्तित्वात नसलेलं रेस्टॉरंट लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे हे होतं तर इथे काय होत असेल! ओळखीतून जागा शोधा.

---

नोंदवही

@खडा_सवाल, ती घटना खरी आहे, पण त्यातून सगळेच रिव्ह्यू टाकाऊ असं निघत नाही. कोणत्या साइटवर कोण लिहू शकतं यात फरक आहे. गुगल मॅप्सवर खातं असलेला कुणीही लिहू शकतो, तिथे राहिला असो वा नसो. बुकिंग डॉट कॉमसारख्या साइटवर ज्याने त्यांच्यामार्फत बुकिंग केलं त्यालाच लिहिता येतं. तिथे खोटं लिहायला निदान खोलीचे पैसे मोजावे लागतात. म्हणून एकाच हॉटेलचे दोन्हीकडचे रिव्ह्यू शेजारी ठेवून वाचावेत. गुगलवर कौतुकाचा पूर आणि बुकिंगवाल्या साइटवर रडगाणं असेल तर मी ते हॉटेल सोडते.

आणि ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं? अमरावतीच्या माणसाची कोल्हापुरात ओळख असेलच असं नाही.

---

ग्राहक_राजा

थोडी कायद्याची माहिती. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते साइटने तपासावं, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. पण ते आणलं तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

मला यापेक्षा मोठा धोका वेगळाच वाटतो. तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी भक्तनिवास आणि हॉटेलांच्या नावाने बनावट वेबसाइट उघडतात, खोटे फोन नंबर पसरवतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने याबद्दल इशारा दिला होता, त्यात केदारनाथ, चारधामची हेलिकॉप्टर बुकिंग आणि सोमनाथची अतिथिगृहं यांचा उल्लेख होता. सणाच्या गर्दीत माणूस घाईत असतो, नेमका तेव्हाच फसतो. यूपीआयवर पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला, आणि खोली आत्ता जाईल म्हणून घाई करणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

---

वऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नोंदवहीताईंच्या पद्धतीने दोन्ही हॉटेलं पुन्हा वाचली आणि चित्र बरंच बदललं. महाद्वाराजवळच्या हॉटेलचे चांगले रिव्ह्यू बहुतेक एका ओळीचे आहेत आणि त्यांत एकाच मुलाचं नाव येतं. गरम पाण्याची तक्रार मात्र तीन वेगळ्या महिन्यांत सापडली. स्टेशनकडच्या हॉटेलच्या तीन स्टारवाल्या रिव्ह्यूंमध्ये एका बाईंनी सासूबाईंना घेऊन गेल्याचं लिहिलंय. कमोड आहे, लिफ्ट आहे, खोल्या लहान आहेत. आठवडाभर शोधत होते ते एवढंच!

तिथे फोनही केला. नंबर दोन वेगळ्या ठिकाणी ताडून पाहिला, एकच निघाला. गरम पाणी दिवसभर मिळतं का विचारलं तर मॅनेजर म्हणाले, सोलरचं सकाळी दहापर्यंत, नंतर सांगितलं तर गीझर लावून देतो. असं नेमकं उत्तर मिळालं म्हणून बरं वाटलं. लिफ्टबद्दल मात्र नुसतं 'आहे आहे' म्हणाले. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, हे काही नीट कळलं नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

ताई, हॉटेलचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. उद्या स्टँडकडं कामाला जाणारच आहे, आत जाऊन बघून येतो.

---

रंकाळ्याचा_वारा

बघून आलो. रस्त्यावरून आत जायला चार पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा आहे, पायऱ्या बुटक्या आहेत. तिथून लिफ्टपर्यंत सपाट. लिफ्ट लहान, तीन माणसांची, पण चालू होती, मी वर जाऊन आलो. मागच्या जिन्याशेजारच्या खोल्या शांत आहेत, रस्त्याकडच्या नको. न्हाणीघरात धरायला दांडा नाही. आईंसाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवाल का विचारलं, तर ठेवतो म्हणाले. बुकिंग करताना खुर्चीचं आणि मागच्या बाजूच्या खोलीचं मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. ८ तारखेपासून चार रात्रींसाठी खोल्या आज तरी शिल्लक आहेत.