परदेशात पैसे आणि कार्ड : अनुभव, खाचाखोचा इथे लिहा

निर्झरा
जुन्या पासपोर्टच्या कव्हरमधून आज एटीएमची पावती निघाली. शाई उडालीये, तरी एक ओळ वाचता येते: 'ग्राहकाने चलनबदल स्वीकारला'. भुर्दंड तो तिथेच. मशीन विचारतं, तुमच्या घरच्या चलनात पैसे कापू का? आकडा ओळखीचा दिसतो आणि बोट 'होय'वर जातं. तो दर आपल्या बँकेचा नसतो, मशीनवाल्याचा असतो, नफा धरूनच. 'नाही' दाबलं की पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. मिळतात, फक्त स्थानिक चलनात कापले जातात. बाकी तुम्ही सांगा.

खवचट_काका
दुकानातही तेच. मशीन आपल्याकडे वळवून घ्यायचं, नाहीतर विक्रेताच बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर आपलं चलन दिसलं की तिथल्या तिथे रद्द करायला लावा. नंतर बँकेशी भांडत बसावं लागतं.

मृदुला
+१. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला सहसा नसते, व्याज काढल्या दिवसापासून सुरू, वर उचलीचं शुल्क वेगळं. एटीएमला डेबिट, हॉटेल-गाडीला क्रेडिट.

भटक्या७
हॉटेल-गाडीचं कारण लिहितो. डिपॉझिट म्हणून ते रक्कम कापत नाहीत, अडवून ठेवतात. डेबिटवर अडवली तर खात्यातले खरे पैसेच अडकतात, सुटायला कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. त्यात चेकआउटला "बिल दुसऱ्या कार्डावर घ्या" म्हटलंत तर काही दिवस दोन्हीकडे पैसे अडकलेले. बिनमाणसांच्या पेट्रोल पंपावरही आधी मोठी रक्कम अडवतात, नंतर भरलं तेवढंच कापतात. खात्यात काठोकाठ शिल्लक असेल तर पेट्रोलच मिळत नाही.

चिऊताई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. पिन आकड्यांनी पाठ करा, अक्षरांनी किंवा बोटांच्या सवयीने नको. सगळ्याच कीपॅडवर अक्षरं नसतात. सहा आकडी पिन असेल तर बँकेला विचारून जा, काही मशीन चारच आकडे घेतात. तीनदा चुकला की बहुतेक कार्डं बंद.

खवचट_काका
@चिऊताई, शिट्ट्या किती झाल्या?

चिऊताई
तीन झाल्या काका, बंद केला. कार्डासारखाच :)

अनामिका
ओटीपीचं कुणी लिहिलं नाही? घरचं सिम काढून तिथलं टाकलंत की ओटीपी गेला. दोन सिमचा फोन असेल तर घरचं रोमिंगवर चालू, त्याचा डेटा बंद, नेट स्थानिक सिमवर. आणि कार्डाचा परदेशी वापर निघायच्या आधीच अ‍ॅपमधून सुरू करा. एटीएम, दुकान, ऑनलाइन अशी बटणं वेगवेगळी असतात, एक दाबून बाकीची विसरतात लोक.

शशांक
रोखीबद्दल. 'कमिशन शून्य' पाटीला भुलू नका, घेण्याचा आणि देण्याचा दर दोन्ही बघा. घेताना ९०, देताना ११० असेल तर तिथे पैसे बदलून लगेच उलट बदलले तर १०० चे साधारण ८२ उरतात.
घरातल्या जुन्या नोटा तपासून न्या. ब्रिटनच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंड बदलून देते. क्रोएशियात २०२३ पासून युरो आहे, तिथलं जुनं चलन कुना घेऊन जाऊ नका.

भटक्या७
व्हिएतनामला २० हजार आणि ५ लाख डोंग, दोन्ही नोटा निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा.

मृदुला
शून्यांचंच निघालं तर येनला दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन दशांश. १.५०० म्हणजे दीडच दिनार.

खवचट_काका
दीड हजार समजून हॉटेल सोडून पळणारे असतील!

निर्झरा
काका :ड @शशांक, पौंडाची एक कागदी वीसची नोटही निघालीये त्याच कव्हरमधून. पोस्टाने पाठवता येते का?

शशांक
येते. फॉर्म बँक ऑफ इंग्लंडच्या साइटवर आहे, आधी नोटेचा नंबर लिहून ठेवा.