मदत हवी आहे: मुख्य निकाल 'फरक दिसला नाही' असा आला, तर परिषदेसाठी ॲबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा छोटा सारांश) कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी,

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंध गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्यांवर आहे. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, किमान १८० दिवस, असं सरकारी धोरण. गोळ्या उपकेंद्रात मिळतात, पण मळमळतं, शी काळी होते, म्हणून पाकिटं घरात तशीच पडून राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता.

आम्ही चिठ्ठ्या टाकून उपकेंद्रांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांना दर आठवड्याला आठवणीचा फोन, दुसऱ्यात नेहमीची सेवा. फोनच्या गटात उरलेल्या गोळ्या कमी निघाल्या. हिमोग्लोबिनमध्ये मात्र सांगण्याजोगा फरक नाही. आणि सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी करताना मुख्य निकष हिमोग्लोबिनच लिहिलेला आहे.

एक सीनियर म्हणतात, गोळ्यांचा निकाल आधी लिही, निष्कर्षात 'फोन परिणामकारक' म्हण, नाहीतर ओरल (मंचावरून बोलून मांडायची संधी) मिळणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. उद्या कुणी तेवढं वाचून नर्सताईंच्या माथी आणखी एक काम मारलं, तर त्याचा त्या बायकांना काय उपयोग?

शब्दमर्यादा २५० आहे. काय ठेवू, काय काढू? बोलायला आठ मिनिटं आहेत. आणि परिषदेत मांडलं तर पुढे जर्नल नाकारेल का?

प्रतिसाद १

तुमचंच बरोबर आहे. हिमोग्लोबिन आधी, गोळ्या नंतर. यादृच्छिक (म्हणजे तुमच्यासारख्या चिठ्ठ्या टाकून गट केलेल्या) चाचण्यांच्या ॲबस्ट्रॅक्टसाठी २००८पासून कन्सॉर्टची (चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याच्या मार्गदर्शक सूचना) वेगळी यादी आहे. मुख्य निकषाचा निकाल, फरकाचा आकार आणि नोंदणी क्रमांक तिच्यात मागितलेले आहेत. सीनियरना तीच दाखवा.

नुसती पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) देऊ नका. दोन गटांतला सरासरी फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) द्या. तो शून्याच्या आसपास अरुंद असेल, तर फोनने हिमोग्लोबिन फारसं बदलत नाही असं म्हणता येईल. तो इतका रुंद असेल की एका ग्रॅमची वाढही त्यात बसते, तर 'या अभ्यासातून ठरवता आलं नाही' एवढंच लिहा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ॲबस्ट्रॅक्टमध्ये त्यांची गल्लत होते. चिठ्ठ्या उपकेंद्रांच्या टाकल्यात, बायकांच्या नाही, त्यामुळे क्लस्टरिंग (एकाच उपकेंद्रातल्या बायकांचे निकाल एकमेकींसारखे असू शकतात हे) धरूनच विश्लेषण हवं.

प्रस्तावना दोन वाक्यांत उरका, शब्द निकालासाठी ठेवा.

जर्नलची काळजी नको. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) नियमांनुसार परिषदेतला ॲबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर हे आधीचं प्रकाशन धरत नाहीत. पाठवताना तसं कळवायचं. उलट पेपर नक्की लिहा. २०१८च्या कॉक्रेन (वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढाव्यात परिषदांतल्या ॲबस्ट्रॅक्टपैकी ३७.३ टक्केच पुढे पूर्ण पेपर म्हणून छापले गेले होते, आणि सकारात्मक निकालांचे जास्त. म्हणजे तुमच्यासारखे निकालच मागे राहतात.

प्रतिसाद २

भाषणाबद्दल. पद्धतीवर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. हिमोग्लोबिनचा आलेख निवांत दाखवा, कारण गोळ्या घेऊनही ते का वाढलं नाही हाच प्रश्न सभागृहातून येणार. उत्तराची तयारी हवी. उरलेल्या गोळ्या कमी म्हणजे त्या पोटात गेल्याच असं नाही, मोजणीच्या आधी फेकून देणाऱ्याही असतात. गोळीबरोबर चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं. जंत, बी-१२ची कमतरता, आदिवासी भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हीही कारणं असू शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरोदरपणात रक्तातला द्रव वाढतो म्हणून हिमोग्लोबिन तसंही उतरतं. दोन्ही गटांत तपासणी गरोदरपणाच्या साधारण त्याच आठवड्यांत झाली होती का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इंटरव्हल रुंद आहे, त्यामुळे 'ठरवता आलं नाही' असंच लिहिते. सिकलसेलची नोंद आमच्याकडे आहे. तपासणीच्या आठवड्यांचा कॉलम मास्टर चार्टमध्ये (सगळ्या नोंदींच्या तक्त्यात) आहे, पण गटवार तुलना केलेली नाही. आज करते आणि मसुदा इथेच टाकते. क्लस्टरिंगसाठी आमच्या स्टॅटिस्टिशियननी जीईई (असा सारखेपणा धरणारी एक सांख्यिकी पद्धत) वापरलं आहे, उपकेंद्रं थोडी असतील तर ते चालतं का?